न विचारता झालेले युरोपीय

गोव्यातल्या पेडण्यात आमच्या सरांना लग्नाचं आमंत्रण जायचं ते फक्त संध्याकाळच्या जेवणाचं. मुहूर्ताची वेळ पत्रिकेवर छापलेली असली तरी पत्रिका देताना यजमान नेमका त्या ओळीवर अंगठा ठेवून बोलायचा, "सर, सातांक येयात, आरामात." कारण एका लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी सर उठून अंतरपाटापाशी गेले होते आणि त्यांनी नवरीला विचारलं होतं, "बाय, तुजी खुशी आसा मगो?" मुलगी त्यांचीच विद्यार्थिनी. ती हळूच "आसा" म्हणाली, भटजींनी घड्याळाकडे बघितलं, नवऱ्यामुलाच्या मामाचं तोंड कडू झालं. सर शांतपणे जागेवर येऊन बसले. नंतर कोणी जाब विचारला की म्हणायचे, इतक्या माणसांना जेवायला विचारलंत, हिला कोणी विचारलं होतं का?

सरांना जाऊन दोन वर्षं झाली. हा किस्सा आठवला की मला आधी हसू येतं आणि मागोमाग संताप येतो. संताप गावाचा, दोन देशांच्या कायद्यांचा, समुद्रापलीकडच्या त्या देशांच्या संघाचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. ज्या माणसानं दुसऱ्याला विचारल्याशिवाय पाऊल उचललं नाही त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून, न विचारता, परक्या देशाचा नागरिक करून टाकलं. त्या कागदावरचा शिक्का माझा आहे.

सर आमच्या मराठी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. हा विषय म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी जोडलेली काही पानं. बाकीचे मास्तर ती मार्च महिन्यात दोन तासांत उरकत. सर जूनमध्ये तिथूनच सुरुवात करत, आणि मराठ्यांचा इतिहास आमच्या वर्गात दिवाळीनंतर यायचा. परीक्षेत एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असायचा: आपण कायदा का पाळतो? 'तो कायदा आहे म्हणून' असं लिहिणाऱ्याला शून्य. 'शिक्षा होते म्हणून' याला अर्धा गुण, प्रामाणिकपणाचा. मी लिहिलं होतं, 'तो करताना आम्हाला विचारलं होतं म्हणून.' मला पैकीच्या पैकी मिळाले. खरं तर मी त्यांचंच वर्गातलं वाक्य त्यांना परत दिलं होतं, आणि ते त्यांनाही कळलं असणार.

एकदा वर्गाची सहल मयेच्या तळ्यावर न्यायचं ठरत होतं. सगळ्यांचे हात वर, एका मुलीचा नाही. ती नकोही म्हणत नव्हती. सरांनी सहल लांबणीवर टाकली. तीन दिवस रोज मधल्या सुट्टीत ते तिच्या बांकावर जाऊन बसत, काही न बोलता. चौथ्या दिवशी तिनं सांगितलं की बसमध्ये तिला ओकाऱ्या येतात. सरांनी बस रद्द केली आणि अख्ख्या वर्गाला गावामागच्या डोंगरावरच्या झरीवर चालत नेलं. आम्ही त्या मुलीला वर्षभर शिव्या घातल्या, सरांना त्याहून जास्त. ते दोघं मात्र झरीवर मजेत पाव आणि बटाट्याची भाजी खात होते.

सरांच्या या वेडाचं मूळ त्यांच्या जन्मगावी, आमोण्याच्या देवळात होतं. आमच्याकडे गोव्यात देवळाच्या सभेत गांवकार, म्हणजे गावातल्या मूळच्या वतनदार, घराण्यांनीच बोलायचं अशी रीत. सरांचे आजोबा भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, बागायतीत मुंडकार म्हणून येऊन राहिले होते. घर त्यांनी बांधलेलं, माड त्यांनी शिंपलेले, जमीन भाटकाराची. तीन पिढ्या झाल्या तरी गावाच्या लेखी ते भायले, बाहेरचे. तरुणपणी सरांनी एकदा सभामंडपात जत्रेबद्दल काही विचारायला तोंड उघडलं. एका म्हाताऱ्या गांवकारानं त्यांना अगदी मायेनं सांगितलं, "तुका हांगा उलोवपाचो हक्क ना रे बाबा. बस." ते बसले. त्यानंतर ते देवळात नमस्काराला जायचे, सभेला कधीच नाही.

ग्रामसभेचं मात्र तसं नव्हतं. पंचायतीच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, वर खडखडणारा पंखा, आणि यादीत नाव असलेला कोणीही उठून सरपंचाला विचारू शकतो. भाटकार, मुंडकार, गांवकार, भायलो, सगळ्यांची खुर्ची एकाच उंचीची. सर राज्यघटनेबद्दल बोलताना गहिवरायचे ते पुस्तकातली वाक्यं आठवून नव्हे. त्यांच्या घराण्यात गावासमोर उभं राहून बोललेला पहिला माणूस ते स्वतः होते. निवडणुकीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते शाळेच्या फाटकात सगळ्यांच्या आधी उभे असत. आतले कर्मचारी दरवेळी वेगळे, पण पहिलं मत कोणाचं हे गावात कोणालाही विचारावं लागत नसे.

पेडण्यात यायच्या आधी ते काही वर्षं आपल्याच डिचोली तालुक्यात, शिरगावच्या बाजूला शिकवत होते. तिथे खनिजाच्या ट्रकांसाठी रस्ता रुंद करायचा होता आणि पालकांच्या सह्या गोळा करायचं काम मास्तरांच्या गळ्यात आलं. छापील तक्त्यात नाव, सही आणि शेवटी 'हरकत नाही'. सरांनी ते दोन शब्द खोडले आणि त्या रकान्यात प्रत्येकानं जे सांगितलं ते तसंच्या तसं लिहिलं. "धुळो दोळ्यांनी वता, पूण घोव ट्रकार आसा." "ना म्हणल्यार कितें जातलें तें आदीं सांगात." "हय बरय, पूण माजें नांव बरोवं नाका," म्हणजे होय लिही, पण माझं नाव लिहू नको. असा तो तक्ता वर गेला, आणि सर बदली होऊन खाली आमच्याकडे आले. कोण्या साहेबाच्या रागामुळे आम्हाला सर मिळाले, एवढंच त्या साहेबाचं आमच्यावर ऋण.

घरी तर विचारूच नका. काकींना, म्हणजे सरांच्या पत्नीला, ते रोज सकाळी विचारायचे, आज भाजी कसली करायची. काकी म्हणायच्या, तुम्हीच सांगा. सर म्हणायचे, तसं नाही, तुझं मत. सकाळचा पदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत येऊन पाव देऊन जायचा तरी यांचं ठरलेलं नसायचं. काकी एकदा मला म्हणाल्या, "ह्या मनशाक एक दीस कोणेंतरी विचारिनासतना कितें तरी करूंक जाय, तेन्नाच हो सुदारतलो." या माणसाचं एकदा कोणीतरी न विचारता काहीतरी करायला हवं, हे त्या थट्टेनं म्हणाल्या होत्या.

मी पुढे वकील झालो, मग नोटरी. पेडण्याच्या बाजारात जिना चढून वर माझं ऑफिस. गेली काही वर्षं आमच्याकडे एक काम जोरात चालतं. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात जन्मलेल्या माणसाचा जन्म लिस्बनला नोंदवता येतो. नोंद झाली की तो तिथला नागरिक. बाप नागरिक झाला की त्याच्या पाठोपाठ मुलगा. आणि मुलाच्या हातात तो पासपोर्ट आला की युरोपच्या संघातल्या कुठल्याही देशात जाऊन काम करायला मोकळा, कारण त्या संघातल्या एका देशाचा नागरिक तो आपोआप अवघ्या संघाचा नागरिक. एका म्हाताऱ्याच्या सहीनं एवढी दारं उघडतात. मग म्हाताऱ्याला कोण कशाला समजावत बसतो?

सरांचा धाकटा मुलगा मोरजीच्या बाजूला हॉटेलात होता. हंगामात बारा तास उभं राहायचं, पावसाळ्यात घरी बसायचं. त्याला जायचं होतं, त्यात चूक काही नव्हती. चूक पुढची. वडिलांना सांगितलं तर दोन महिने चर्चा होईल, असं तो म्हणाला, आणि मी हसून मान डोलावली. लिस्बनच्या वकिलाला सगळे अधिकार देणारा पोर्तुगीज भाषेतला कागद तयार झाला. मुलगा सरांना घेऊन आला. त्यानं त्यांना सांगितलं होतं, घराचा कागद आहे.

गोव्याबाहेरच्या माणसाला इथे प्रश्न पडेल की असला शहाणा माणूस फसला कसा. फसला, कारण आमच्याकडे पोर्तुगीज भाषेतला कागद म्हणजे जमिनीचा कागद, हे प्रत्येकाच्या डोक्यात घट्ट बसलेलं आहे. जुने उतारे, भाटकाराची खतं, सगळी त्याच भाषेत. सरांची मुंडकारीची केस कितीतरी वर्षं चालली होती. त्यांना तो कागद बघून जराही शंका आली नाही. गॅसची पावती तीनदा वाचणाऱ्या त्या माणसानं चष्मा लावला, एक ओळ बघितली, चष्मा काढला आणि मला विचारलं, "तुवें वाचलां मरे?"

मी म्हटलं, "वाचलां, सर."

त्यांनी सही केली. मी शिक्का मारला. शिक्क्याच्या वर ठरलेलं वाक्य असतं की मजकूर सही करणाऱ्याला त्याला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगितला. मी त्यांना खोटं उत्तर दिलं नव्हतं, मी खरंच वाचला होता. हे मला आजतागायत सगळ्यात जास्त झोंबतं.

मुलगा परदेशी गेला. त्यानंतर एक दिवस, तिथल्या वकिलानं काम उरकल्यावर पाठवलेला लिस्बनच्या जन्मनोंदीचा दाखला पोस्टानं सरांच्या पत्त्यावर आला आणि सर तो घेऊन माझ्याकडे जिना चढून आले. दाखल्यावर त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, गावाचं नाव परक्या वळणाचं. त्यांनी विचारलं, घराच्या केसमध्ये माझ्या आईचं नाव कशाला? मी त्यांना सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी दाखल्यावरच्या आईच्या नावावर बोट ठेवलं. ती बिचारी आमोण्याच्या पलीकडे आयुष्यात कधी गेली नव्हती.

मग त्यांनी शांतपणे विचारलं, "माका कोणें विचारलें?"

मी म्हटलं, सर, तुम्ही सही केलीत. ते म्हणाले, घरासाठी केली. खाली बाजारात मासळीवाल्या बायकांचं भांडण चाललं होतं, ते ऐकत आम्ही दोघे बसून राहिलो.

दुसरा कोणी असता तर मुलाला फोन करून शिव्या घालून मोकळा झाला असता. सरांनी मुलाला एक शब्द विचारला नाही. त्यांनी माझ्या ऑफिसखालच्या दुकानातून त्या संघाचे करार छापून घेतले. सुतळीनं बांधलेला तो भारा घेऊन ते रोज दुपारी माझ्या ऑफिसबाहेरच्या बांकावर येऊन बसू लागले. पेन्सिलीनं खुणा करायचे आणि माझ्याकडे आलेल्या माणसांना वाचून दाखवायचे. भाडेकराराला आलेला एक मनुष्य, संघाला राज्यांनी जेवढे अधिकार दिले तेवढेच त्याचे, हे तत्त्व ऐकून घाबरून निघून गेला होता.

त्यांना त्यातलं पुष्कळ आवडलंही होतं, हे सांगितलं पाहिजे. सैन्य न पाठवता, कागदावर सह्या करून इतके देश एकत्र आले, याचं त्यांना कौतुक होतं. निर्णय शक्य तितका लोकांच्या जवळ घ्यावा, वरच्यानं उगाच हात घालू नये, हे कलम वाचून त्यांनी बांकावर थाप मारली होती. सोडून जायचं असेल तर जाता येतं, हेही त्यांना पटलं. पण पुढे जाता जाता त्यांना कळलं की या संघाची घटना म्हणून एक मसुदा आधी झाला होता, दोन देशांच्या लोकांनी मतदान करून तो नाकारला, आणि मग त्यातलं बरंचसं वेगळ्या कराराच्या रूपात परत आलं. तो करार ज्या शहरात झाला ते लिस्बन, जिथे सरांचा जन्म नोंदला गेला तेच. एका छोट्या देशानं त्यालाही नाही म्हटलं, तर त्याला काही आश्वासनं देऊन पुन्हा मतदान घ्यायला लावलं, तेव्हा होय आलं. मी म्हटलं, सर, आश्वासनं दिली ना, ऐकून घेतलं ना त्यांचं? सरांनी पेन्सिल कानामागे खोचली.

"ना म्हणल्यार परत विचारतात. हय म्हणल्यार परत कोण विचारता?"

याचं उत्तर मोठमोठी पुस्तकं लिहिणाऱ्यांकडे असेल तर त्यांनी द्यावं. एवढ्या राज्यांचा संघ, त्याची संसद, त्याचं न्यायालय, आणि तिथल्याही साध्या माणसाला हाच प्रश्न पडतो की माझ्यावर चालणारी ही सत्ता माझ्यापासून निघाली कुठे? तिथले पंडित यावर वर्षानुवर्षं वाद घालताहेत. आमच्या पेडण्याच्या बांकावरचा एक निवृत्त मास्तर त्यांच्या वादात पडला होता, आणि त्याच्यापाशी तर तक्रार करायला सगळ्यांहून चांगलं कारण होतं.

सरांनी त्या संघाला अर्ज लिहिला. मराठीत लिहिला, इंग्रजी मी केलं. त्याची सुरुवात मला पाठ आहे: मी आपला नागरिक आहे असे मला पोस्टाने कळले आहे. आपला व माझा परिचय नाही. पुढे त्यांनी विचारलं होतं की माझ्या संमतीवाचून माझ्यावर आपली सत्ता कोणत्या तत्त्वानं आली ते कळवावं. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं, अत्यंत सभ्य. नागरिक कोणाला करायचं ते संघ ठरवत नाही, ज्याचा त्याचा देश ठरवतो, संघाचं नागरिकत्व त्याच्या मागोमाग येतं. मग सरांनी त्या देशाला लिहिलं. त्या देशाचं म्हणणं, जन्म आणि आपली सही, कायद्याप्रमाणे झालं आहे. सर मला म्हणाले, सभ्य माणसं आहेत, उत्तर तरी देतात. इथल्या एका कचेरीला त्यांनी लिहिलेली तीन पत्रं तोवर तशीच पडली होती.

इथली कचेरी जागी झाली ती वेगळ्याच कारणानं. झरीच्या वरचा डोंगर, सगळी काजूची बाग, कोणीतरी दूरच्या माणसानं घेतली आणि तिथे बंगले बांधायचं ठरलं. बागेची जमीन कागदावर वस्तीची झाली. कशी झाली, गावात कोणाला माहीत नव्हतं. ग्रामसभेत सर उठले आणि त्यांनी विचारलं, हा डोंगर बदलताना कोणाला विचारलं? पुढच्या सभेतही तेच विचारलं. त्याच्या पुढच्या सभेत झरीचं पाणी पिणाऱ्या वाड्यावरच्या बाया त्यांच्यामागे येऊन बसल्या. मग चौथ्या सभेत बंगलेवाल्यांची कामं घेणारा गावातला एक ठेकेदार, सरांचाच जुना विद्यार्थी, हातात कागद घेऊन उठला. तो लिस्बनच्या दाखल्याची प्रत होती. परदेशी जाणाऱ्या पोरांच्या पार्ट्यांत आमच्याकडे सगळं बोललं जातं, कागदही हातोहात फिरतात.

"सर," तो म्हणाला, "तुमी आतां इंडियन न्हय. तुमकां हांगा उलोवपाचो हक्क ना. बसा."

सगळ्या हॉलमध्ये त्या क्षणी तरुणपणचा तो सभामंडप आठवणारे दोघेच असतील, सर आणि मी, कारण ती गोष्ट त्यांनी मलाच सांगितली होती. सरांचा चेहरा इतका पांढरा झालेला मी कधी बघितला नव्हता. ते बसले नाहीत. चालत बाहेर गेले.

ठेकेदारानं मतदार यादीवर हरकत घेतली, सरांना नोटीस आली. आपल्या कायद्यात स्वखुशीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की इथलं जातं. आता तीन बाजू झाल्या. संघ म्हणतो, आम्ही केलं नाही, त्या देशानं केलं. तो देश म्हणतो, यानंच सही केली. आपला देश म्हणतो, तू गेलास ना, मग आता नाव काढतो. सरांनी मला सांगितलं, तिघांनीही आपापल्या कायद्यानं केलं, विचारलं कोणीच नाही. एखाद्या चोरानं केलं असतं तर पोलिसात तरी गेलो असतो, असंही म्हणाले. मी सुचवलं की पोर्तुगीज नागरिकत्व सोडल्याचा अर्ज करू, मग इथलं परत मागू, वेळ लागेल पण होईल. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मीच खाली बघितलं.

"जें हांवें घेतलेंच ना, तें हांव सोडूं कसो?"

सोडलं असं लिहून देणं म्हणजे घेतलं होतं हे कबूल करणं. इतका हट्टी माणूस. पण त्यांचं बरोबर होतं, आणि बरोबर असलेल्या माणसाचा हट्ट बघवत नाही. आता एकच वाट होती. नोटरीनं, म्हणजे मी, सांगायचं की मजकूर समजावला नव्हता, सही घराच्या कागदासाठी म्हणून घेतली. तसं ठरलं तर ते स्वखुशीनं घेणं होत नाही. सरांना हे माहीत होतं. त्यांनी मला ते कधी सुचवलं नाही. मला विचारायचीही त्यांना लाज वाटत असावी, माझ्यासाठी.

तसं सांगितलं असतं तर माझा परवाना गेला असता. आणि एकट्या सरांचा कागद थोडाच होता? तसल्या किती सह्यांवर माझे शिक्के होते. सगळी पोरं तिकडे कामाला लागलेली. त्यांची नावं, त्यांचे बाप, सगळं उघडं पडलं असतं. ही कारणं मी स्वतःला रोज सांगत होतो आणि ती सगळी खरी होती.

सुनावणीला मला साक्षीला बोलावलं. कचेरीत एक लांब टेबल, टेबलामागे एक तरुण अधिकारी, बाजूला बांकावर सर, इस्त्रीच्या शर्टात. काकी बाहेर व्हरांड्यात. अधिकाऱ्यानं सरळ विचारलं, हा मजकूर तुम्ही यांना समजावून सांगितला होता का?

मी म्हटलं, होय.

अधिकाऱ्यानं सरांना विचारलं, साक्षीदाराला तुम्हाला काही विचारायचं आहे का? ज्यांनी नवरीला विचारलं, सरपंचाला विचारलं, अर्ध्या युरोपला विचारलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला. एक प्रश्न विचारला असता तर मी मोडलो असतो, असं मला वाटतं. खरं सांगायचं तर तेही मला नक्की माहीत नाही.

बाहेर जिन्यावर ते काकींच्या हाताला धरून सावकाश उतरत होते. शेवटच्या पायरीवर थांबले आणि माझ्याकडे न बघता बोलले.

"तुवें विचारिल्लें जाल्यार हांव सही करतलों आसलों. चलो म्हजो पूत न्हय? ताका वचूंक जाय आसलें. पूण तुवें विचारूंक जाय आसलें."

काकी त्यांना पुढे घेऊन गेल्या. मी विचारलं असतं तर त्यांनी पोरासाठी सही केली असती, एवढंच. इतके करार, इतकी कलमं त्यांनी वाचली, त्यातलं एकही त्या पायरीवर त्यांना लागलं नाही.

नाव यादीतून गेलं. पावसाळा संपल्यावर ग्रामसभा लागली, डोंगराचा ठराव त्यात होता. सर आले. दारातल्या माणसानं रजिस्टर बघितलं आणि मान खाली घातली. हॉलला वळसा घालून सर बाजूच्या जनेलापाशी, खिडकीपाशी, जाऊन बाहेर उभे राहिले, गजांना धरून. झरीवरच्या बाया आत बसल्या होत्या आणि सारख्या जनेलाकडे बघत होत्या. सरपंचांनी ठराव वाचला आणि विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का. कोणी उठेना.

मी उठलो. मी विचारलं, हा डोंगर बदलताना कोणाला विचारलं होतं?

ठेकेदार जागेवरूनच वळला. आवाजही चढवला नाही त्यानं.

"वकीलसायब, तुमी कोणाक विचारतात तें सगल्या गांवाक खबर आसा. बसा."

हॉल हसला. बायाही हसल्या. माझं नाव यादीत होतं, खुर्ची माझी होती, कायद्यानं मला कोणी बसवू शकत नव्हतं. मी बसलो. हात वर झाले, ठराव मंजूर झाला. मी धीर करून जनेलाकडे बघितलं. सर गज धरून तसेच उभे होते. ते हसत नव्हते.